घरावर आलेली भरती

1862 चा एप्रिल. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मका पेरायचे दिवस. आदल्या वर्षी याच सुमारास हजारो शेतकरी पोरं वाजतगाजत फौजेत दाखल झाली होती आणि त्यांतल्या बहुतेकांनी बारा महिन्यांच्या करारावर सही केली होती. वर्ष आता भरत आलं होतं. यादवी युद्ध काही महिन्यांत आटोपेल ही समजूत 6 आणि 7 एप्रिलच्या शायलोच्या लढाईने पुरती धुऊन काढली होती, तरी करार तो करार. मुदत संपली की घरी जायचं आणि नांगराला हात घालायचा, हे धरूनच माणसं दिवस मोजत होती. 16 एप्रिलला रिचमंडमधल्या कॉन्फेडरेट काँग्रेसने कायदा केला. 18 ते 35 वयाच्या प्रत्येक गोऱ्या पुरुषाला तीन वर्षांची लष्करी सेवा सक्तीची झाली. जे आधीच फौजेत होते त्यांची एका वर्षाची मुदत त्यांना न विचारता तीन वर्षांची झाली.

गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटून निघालेल्या अकरा राज्यांचं हे सरकार. वॉशिंग्टनचं केंद्र राज्यांच्या आणि माणसांच्या हक्कांवर पाय देतं, ही त्याची जाहीर तक्रार होती. आणि त्याच सरकारने अमेरिकेच्या इतिहासातली पहिली देशव्यापी सक्तीची भरती आणली. उत्तरेने असा कायदा करायला पुढच्या वर्षीचा मार्च उजाडला. जॉर्जियाचा गव्हर्नर जोसेफ ब्राउन तर अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्याशी लांबलचक पत्रव्यवहार करून या कायद्याला घटनाबाह्य ठरवत बसला आणि दुसरीकडे आपल्या राज्याच्या मिलिशियात अधिकाऱ्यांची खोगीरभरती करून त्यांना भरतीतून सोडवत राहिला. राजधान्यांमधली ही वादावादी वाचायला मजेदार आहे. पण या कायद्याला खरा विरोध झाला तो कचेऱ्यांपासून दूर, लाल मातीच्या टेकड्यांवर आणि दलदलीच्या काठांवर, जिथे गव्हर्नरची पत्रं कुणी वाचत नव्हतं.

दक्षिण म्हटलं की पांढऱ्या खांबांचे वाडे आणि कापसाचे मळे डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात तिथल्या गोऱ्या कुटुंबांपैकी चारांतल्या तिघांकडे एकही गुलाम नव्हता. नॉर्थ कॅरोलिनाचा मधला पट्टा, मिसिसिपीचा पाइनच्या जंगलांचा भाग, उत्तर अलाबामाच्या टेकड्या, पूर्व टेनेसी हा सगळा मुलूख घरच्या माणसांनी कसलेल्या जमिनीवर जगत होता. मका, थोडा गहू, रानात मोकळी सोडलेली डुकरं, एखादी गाय. नवरा नांगर धरी, बायको आणि पोरं खुरपणी-कापणी करत. अशा घरातून एक धडधाकट पुरुष काढला की घराची निम्मी ताकद गेली. मळेवाल्याचा मुलगा लढाईवर गेला तर मळा चालूच राहायचा. कारण तो चालवणारे हात त्याचे नव्हतेच.

हा फरक लोकांना दिसत होता, पण तो कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला नव्हता. 11 ऑक्टोबर 1862 रोजी तोही लिहिला गेला. सप्टेंबरमध्ये लिंकनने गुलाममुक्तीची पूर्वघोषणा केली होती आणि मळ्यांवर गोरा पुरुष उरला नाही तर गुलाम उठतील या भीतीने मळेवाल्यांची झोप उडाली होती. म्हणून काँग्रेसने ठरवलं, की ज्या मळ्यावर वीस किंवा अधिक गुलाम असतील तिथे एका गोऱ्या पुरुषाला, मालकाला किंवा मुकादमाला, भरतीतून सूट. त्याच सुमारास भरतीची वयोमर्यादा 45 पर्यंत वाढवली गेली होती. म्हणजे एका हाताने पोराबाळांच्या बापांना ओढायचं आणि दुसऱ्या हाताने वीस गुलामांच्या मालकाला सोडायचं. या कलमाखाली सूट मिळालेल्यांचा आकडा सगळ्या दक्षिणेत मिळून काही हजारांच्या पुढे गेला नाही. लष्करी दृष्टीने ती किरकोळ संख्या होती. तरी गावागावांत एक वाक्य फिरू लागलं, युद्ध श्रीमंतांचं आणि लढाई गरिबांची. फौजेच्या छावण्यांत ते वणव्यासारखं पसरलं.

सूट मिळवायचे इतरही रस्ते होते. पैसा असेल तर बदली माणूस द्यायचा. त्याचा भाव पुढे पुढे हजारो डॉलरवर गेला. औषधविक्रेत्यांना सूट मिळताच चार रिकाम्या बरण्या मांडून दुकानं उघडली गेली. वीस विद्यार्थी असलेल्या शिक्षकाला सूट, तर शाळा उगवल्या. क्वेकर पंथाच्या लोकांना शस्त्र धरणं धर्माने निषिद्ध. त्यांनी 500 डॉलर भरावेत असं ठरलं. नॉर्थ कॅरोलिनाचा गव्हर्नर झेब्युलन व्हान्स याने हजारो स्थानिक कारकून, मॅजिस्ट्रेट, मिलिशिया अधिकारी राज्याला आवश्यक म्हणून अडवून धरले, आणि तिथले मुख्य न्यायाधीश रिचमंड पिअरसन भरतीसाठी धरलेल्यांना हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे बेकायदा अटकेविरुद्धच्या, अर्जांवर सोडत राहिले. पण ज्याची गव्हर्नरशी ओळख नाही, ज्याला वकील ठाऊक नाही आणि ज्याच्याकडे पाचशे डॉलर सोडाच, पन्नासही नाहीत, त्याच्यासाठी एकच सूट उरली होती. घरामागचं रान.

रँडॉल्फ हा नॉर्थ कॅरोलिनाच्या मध्यावरचा जिल्हा. क्वेकर, वेस्लियन असल्या पंथांची इथे वस्ती, गुलाम कमी. फेब्रुवारी 1861 मध्ये फुटून निघण्याचा विचार करायला अधिवेशन बोलवावं का, यावर राज्यात मतदान झालं तेव्हा या जिल्ह्यात 45 लोकांनी हो म्हटलं आणि अडीच हजारांहून अधिकांनी नाही. मे महिन्यात राज्य तरीही फुटलं. असं मत देणाऱ्या माणसांना एका वर्षाने, ज्या देशाला त्यांनी नकार दिला होता त्या देशासाठी मरायला बोलावणं आलं.

ते रानात राहायला गेले. सुरुवातीला दिवसा शेतात काम आणि भरतीचे शिपाई आल्याची वर्दी मिळाली की झाडीत, इतकंच. मग शोध कडक झाला तसे मुक्काम लांबले. टेकड्यांच्या उतारांवर भुयारं खणली गेली. खणलेली माती रातोरात ओढ्यात टाकायची, म्हणजे ढीग दिसत नाही. तोंडावर पालापाचोळा आणि एखादी फळी. आत दोन-तीन माणसं हिवाळा काढत. त्यांना जेवण पोचवणं, शिपाई कुठल्या वाटेने येतात हे कळवणं, कपडे धुऊन देणं, त्यांच्या वाट्याची नांगरणी करणं हे सगळं घरातल्या बायकांवर आलं. वाळत घातलेल्या गोधड्यांच्या रंगावरून रानातल्याला कळे, की आज घरी यावं की नाही. डुकरांना हाक मारायची एक पद्धत सुरक्षित, दुसरी धोक्याची. शिपाई अंगणात उभा असताना त्याच्या कानांवर ही हाक पडायची आणि त्याला त्यात डुकरांखेरीज काही ऐकू येत नसे.

या भागात एक गुप्त संघटनाही होती, हीरोज ऑफ अमेरिका. बायबलमध्ये राहाब आपल्या खिडकीला लाल दोरी बांधून स्वतःचं घर वाचवते, त्या कथेवरून हे लोक कोटाच्या कॉलरला लाल धागा लावत आणि एकमेकांना ओळखत. इतिहासकारांनी या संघटनेवर बरंच लिहिलं आहे. मला मात्र वाटतं, की लाल धाग्यापेक्षा नातेसंबंधांचा धागा जास्त कामाचा होता. रानात लपलेल्या माणसाला भाकरी पोचवणारी त्याची चुलत बहीण असते, तिच्या सासरचा गिरणीवाला रात्री दळून देतो, गिरणीवाल्याचा भाऊ मिलिशियात असतो आणि छाप्याची तारीख आदल्या दिवशी सांगून जातो. अशा जाळ्याला शपथविधी लागत नाही आणि ते फोडायला हेर पाठवून भागत नाही.

बाकीचं काम सरकारने स्वतःच केलं. मार्च 1863 मध्ये फौजेला लागेल तो माल ठरावीक भावाने उचलण्याचा कायदा आला, एप्रिलमध्ये पिकाचा दहावा हिस्सा कर म्हणून द्यायचा नियम आला. शिपायाचा पगार महिन्याला 11 डॉलर, तोही महिनोन्‌महिने थकलेला आणि कागदी. उत्तरेच्या आरमाराने बंदरं रोखल्यामुळे मीठ मिळेना. मीठ नाही तर हिवाळ्यात मारलेल्या डुकराचं मांस टिकत नाही, आणि ते टिकलं नाही तर वर्षभर घरात कालवण नाही. मांस धुरावण्याच्या खोपटांतली जमीन खरवडून, ती माती उकळून बायका जुनं सांडलेलं मीठ काढत होत्या. फेब्रुवारी 1863 मध्ये ब्लेडन जिल्ह्यातून व्हान्सला एक पत्र गेलं. लिहिणाऱ्यांनी बजावलं होतं, की सामान्य माणसाला भाकरी तरी मिळेल, नाहीतर रक्त सांडेल, आणि यात बायकाही मागे राहणार नाहीत. मार्चमध्ये सॉल्झबरी गावात सैनिकांच्या पन्नासेक बायका कुऱ्हाडी घेऊन व्यापाऱ्यांच्या दारांत उभ्या राहिल्या आणि पीठ, मीठ, काकवी घेऊन गेल्या. या बायकांचे नवरे अजून फौजेत होते. घरची अशी खबर आल्यावर त्यांतले किती तिथे राहतील, हा प्रश्न कुठल्याही सेनापतीला पडायला हवा होता.

इथे आपल्याकडचा एक संबंध सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या नाकेबंदीने कॅरोलिनाच्या घरांतलं मीठ संपवलं, तिनेच लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूसही तोडला आणि ती भूक मुंबईकडे वळली. खानदेश-वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. बैलगाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्याच्या दंतकथा याच वर्षांतल्या. मुंबईत शेअरांचं वेड लागलं. 1865 मध्ये कॉन्फेडरेट सेनापती ली शरण आल्याची बातमी पोचली आणि तो फुगा फुटला. रँडॉल्फच्या शेतकरणीला खानदेश कुठे आहे हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, आणि धुळ्याच्या शेतकऱ्याला आपल्या गाडीत कुणाच्या उपासाचा पैसा पडतो आहे हेही.

मिठावरूनच या युद्धातली एक अत्यंत काळी घटना घडली. नॉर्थ कॅरोलिनाच्या पश्चिमेला, टेनेसीच्या सीमेवर मॅडिसन जिल्हा आहे. तिथल्या शेल्टन लॉरेल या दरीत युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूची आणि फौजेतून पळालेली बरीच माणसं होती. मार्शल या जिल्ह्याच्या गावी मिठाचा साठा होता आणि दरीतल्या लोकांना तो नाकारला जात होता. जानेवारी 1863 मध्ये सुमारे पन्नास जणांनी मार्शलवर धाड घालून मीठ लुटलं. जाताना त्यांनी 64 व्या नॉर्थ कॅरोलिना पलटणीचा कर्नल लॉरेन्स ॲलन याचं घरही लुटलं; घरात त्याची मुलं तापाने आजारी होती आणि पुढे त्यांतली दोन दगावली. हे विसरून चालणार नाही. दरीतल्या लोकांना नुसतं निरागस ठरवलं की पुढे काय झालं आणि का झालं ते कळत नाही.

पलटण दरीत शिरली, तेव्हा प्रत्यक्ष हुकूमत लेफ्टनंट कर्नल जेम्स कीथ याच्या हाती होती. पुरुष डोंगरात होते. सैनिकांनी बायकांना गाठलं. सरकारी वकील ऑगस्टस मेरिमन यांनी नंतर व्हान्सना पाठवलेल्या अहवालात लिहिलं आहे, की बायकांना चाबकाने मारलं, दोघींना गळ्याला दोर लावून मरणाच्या दारापर्यंत लटकवलं, आणि 85 वर्षांच्या एका म्हातारीलाही तसंच करून तिचे पैसे काढून घेतले. पुरुष कुठे आहेत एवढं हवं होतं. मग पंधराजण पकडले गेले, दोघे निसटले. उरलेल्या तेराजणांना टेनेसीत नॉक्सव्हिलला नेऊन खटला चालवतो असं सांगून वाटेत रांगेने गुडघ्यांवर बसवून गोळ्या घातल्या. त्यात साठीचे म्हातारे होते आणि तेराएक वर्षांचा डेव्हिड शेल्टन होता. मिठाच्या धाडीत यांतले बहुतेकजण नव्हतेच, असं अहवाल सांगतो. व्हान्स संतापला, त्याने चौकशी लावली. कीथने राजीनामा दिला. युद्धानंतर त्याला अटक झाली, पण तो तुरुंगातून पळाला आणि पुन्हा सापडला नाही.

शेल्टन लॉरेलमध्ये जे संतापाच्या भरात झालं असं म्हणता येईल, तेच पुढच्या दीड वर्षात नॉर्थ कॅरोलिनाच्या मध्य भागात रीतसर कामकाज झालं. जुलै 1863 मध्ये गेटिसबर्गची लढाई हरल्यावर आणि व्हिक्सबर्ग हातचं गेल्यावर फौजेतून परतणाऱ्यांचे लोंढे लागले. त्याच महिन्यात राज्याने फरारी पकडायला होमगार्ड उभा केला. सप्टेंबरमध्ये जनरल रॉबर्ट होक नियमित पलटणी घेऊन या जिल्ह्यांत उतरला. रानं धुंडाळून फार माणसं हाती लागत नाहीत हे लवकर उमगलं. तेव्हा रोख घरांकडे वळला. शिपाई फरारीच्या घरी मुक्काम ठोकत, त्याचा मका आपल्या घोड्यांना घालत, कोंबड्या-डुकरं मारून खात. घर उपाशी पडलं की माणूस रानातून बाहेर येईल, हा तर्क.

1864 च्या शरद ऋतूत सरकारी वकील थॉमस सेटल यांना याची चौकशी करायला सांगितलं गेलं. ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हान्सना लिहिलेलं पत्र आजही वाचताना अंगावर काटा येतो. चॅटम, रँडॉल्फ आणि डेव्हिडसन या तीन जिल्ह्यांत प्रत्येकी पन्नासेक बायकांना घरांतून ओढून आणून आठवडेच्या आठवडे पहाऱ्यात ठेवलं होतं. त्यांत दिवस भरत आलेल्या गरोदर बायका होत्या; भीतीने काहींचे गर्भ गेले. बिल ओवेन्स हा रँडॉल्फमधल्या फरारींच्या एका टोळीचा म्होरक्या. त्याच्या बायकोला काय केलं, हे होमगार्डचा अधिकारी अल्फ्रेड पाइक याने सेटलना स्वतःच्या तोंडाने सांगितलं. नवरा कुठे आहे विचारल्यावर ती म्हणाली, मेला, पुरलाय. कबर दाखव म्हटल्यावर तिने आपलं तान्हं मूल उचलून घेतलं. मग त्यांनी तिला थोबाडीत मारून मूल खाली ठेवायला लावलं, दोन्ही अंगठे पाठीमागे बांधले, दोरी झाडाच्या फांदीवरून टाकली आणि पायांची बोटं जेमतेम जमिनीला टेकतील इतकं तिला ओढलं. एवढ्यावरही ती पुरती नमली नाही, तेव्हा तिचे अंगठे कुंपणाच्या ओंडक्याखाली घालून दाबले. पाइकला यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. ओवेन्स, त्याची बायको आणि तसल्या लोकांना असं वागवायचा हक्क ज्या देशात नाही तिथे राहण्यापेक्षा मी उत्तरेच्या यांकींकडे जाईन, असं तो म्हणाल्याचं सेटलनी नोंदवलं आहे.

या लढ्याची उकल मला पाइकच्या या कबुलीत सापडते. इतिहासाची पुस्तकं फरारींना भेकड तरी म्हणतात किंवा युनियनचे निष्ठावंत तरी. होमगार्डवाल्याने असला कुठलाच घोळ घातला नाही. आपल्यासमोर उभा असलेला विरोधक म्हणजे एकटा पळालेला शिपाई नसून अख्खं घर आहे, आणि त्या घराचा कणा नवरा नसून बायको आहे, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. ज्या सरकारने दक्षिणी स्त्रीच्या अब्रूचं रक्षण हे युद्धाचं कारण म्हणून व्यासपीठांवरून सांगितलं, त्याचेच लोक गरीब स्त्रियांचे अंगठे कुंपणाखाली घालत होते. ओवेन्स नंतर पकडला गेला, तेव्हा न्यायालयाची वाट न पाहता जमावाने त्याला तुरुंगातून काढून मारलं.

मिसिसिपीतल्या जोन्स जिल्ह्याची गोष्ट याहून प्रसिद्ध आहे, 2016 मध्ये तिच्यावर ‘फ्री स्टेट ऑफ जोन्स’ हा चित्रपटही निघाला. पाइनची जंगलं, लीफ नदीची दलदल आणि राज्यातलं गुलामांचं सर्वांत कमी प्रमाण, शंभरात बारा. इथल्या मतदारांनी फुटून निघण्याच्या विरोधात आपला प्रतिनिधी निवडून पाठवला. त्याने राजधानीत जाऊन बाजूने मत दिलं, तर गावात त्याचा पुतळा जाळला गेला. न्यूटन नाइट हा इथला साधा शेतकरी. शेजाऱ्यांबरोबर तो 7 व्या मिसिसिपी बटालियनमध्ये गेला. वीस गुलामांच्या कायद्याची बातमी छावणीत आली, तेव्हा त्याचा शेजारी जॅस्पर कॉलिन्स याने बंदूक खाली ठेवली आणि घरची वाट धरली. नाइटही 1862 च्या अखेरीस परतला. जुलै 1863 मध्ये व्हिक्सबर्ग पडलं, शरण आलेली सगळी फौज पॅरोलवर सुटली आणि जोन्सची माणसं घोळक्याने घरी आली. पुन्हा हजर व्हा असा हुकूम निघाला तो त्यांनी मानला नाही.

त्यांना धरायला त्यांच्याच भागातला मेजर एमॉस मॅकलेमोर आला. 5 ऑक्टोबरला एलिसव्हिल गावात तो ज्या घरी उतरला होता तिथे घुसून कुणीतरी त्याला गोळी घातली; गोळी नाइटचीच, असं सगळा जिल्हा मानत आला आहे. आठ दिवसांनी फरारींनी रीतसर कंपनी उभी करून नाइटला कॅप्टन निवडलं. शिंगं फुंकून ते इशारे देत, दलदलीतल्या बेटांवर राहत. कर म्हणून गोळा केलेला सरकारी मका लुटून त्यांनी गरिबांत वाटला. कर वसूल करणाऱ्यांना जिल्ह्यात फिरणं अशक्य झालं, काहींचे खून पडले. या टोळ्यांचा वचक फक्त सरकारवर होता असंही नाही; शेजाऱ्यांमधली जुनी वैरं या गोंधळात चुकती केली गेली, आणि कॉन्फेडरेट कुटुंबांनाही रात्री दार उघडायची धास्ती होतीच.

या माणसांना गुलामगिरीचे शत्रू म्हणावं का? जोतिराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं. त्या अर्पणपत्रिकेत जोन्सच्या किंवा रँडॉल्फच्या शेतकऱ्यांना सरसकट जागा देता येणार नाही. बऱ्याच जणांचा राग मळेवाल्यावर होता, मळ्याच्या व्यवस्थेवर नव्हता. काळ्या माणसाला बरोबरीचं मानणारे त्यांत थोडेच. पण दलदलीत उपाशी माणसाला अन्न देणारे हात अनेकदा गुलामांचे होते, कारण रात्रीच्या वाटा, ओढ्याचे उतार, कुत्र्यांना चुकवायच्या युक्त्या त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होत्या. पळून जायची विद्या त्या मुलखात त्यांचीच. नाइटच्या आजोबांच्या कुटुंबाच्या मालकीची रेचल नावाची गुलाम स्त्री त्याच्या टोळीला अन्न आणि खबरा पुरवत होती. माग काढणाऱ्या कुत्र्यांसाठी तिखटाची पूड आणि कुटलेली काच घातलेलं अन्न ठेवल्याच्या गोष्टी त्या भागात अजून सांगतात.

एप्रिल 1864 मध्ये कर्नल रॉबर्ट लाउरी दोन पलटणी आणि शिकारी कुत्री घेऊन जोन्समध्ये आला. काही आठवड्यांत दहाएक माणसं फासावर गेली किंवा मारली गेली, मुलांच्या बदल्यात बापांना ओलीस धरलं गेलं आणि बरेचजण पुन्हा फौजेत ढकलले गेले. नाइट आणि वीसेक साथीदार दलदलीत टिकून राहिले.

तोवर हिशेब हाताबाहेर गेला होता. फेब्रुवारी 1864 पासून 17 ते 50 वयाचा माणूस भरतीस पात्र. पैसे मोजून बदली माणूस देणं आता बंद, आणि ज्यांनी पूर्वी बदली दिला होता त्यांनाही बोलावणं. मळेवाल्याची सूट मात्र वीसवरून पंधरा गुलामांवर उतरवली, म्हणजे सैल केली. सप्टेंबरमध्ये जॉर्जियातल्या मेकन गावी भाषण करताना जेफरसन डेव्हिस यांनीच सांगून टाकलं, की आपले दोन तृतीयांश सैनिक गैरहजर आहेत आणि त्यांतले बहुतेक बिनरजेचे. नोंद झालेले कॉन्फेडरेट फरारी लाखाच्या वर भरतात. एकट्या नॉर्थ कॅरोलिनाचे जवळपास 24,000. त्याच राज्याने फौजेला सव्वा लाखाच्या आसपास माणसं पुरवली होती.

युद्ध संपल्यावर कुणाला काय मिळालं? कुत्री घेऊन जोन्समध्ये उतरलेला लाउरी 1882 ते 1890 मिसिसिपीचा गव्हर्नर होता. नाइटने आपल्या कंपनीला युनियनचे सैनिक मानून मोबदला द्यावा म्हणून वॉशिंग्टनकडे तीस वर्षं अर्ज केले. 1900 मध्ये दावा कायमचा फेटाळला गेला. तो रेचलबरोबर राहिला, त्यांना मुलं झाली, आणि 1922 मध्ये वारला. दक्षिणेच्या गावोगावी कॉन्फेडरेट शिपायांचे पुतळे उभे राहिले, आणि शाळांतून एकजुटीने लढलेल्या दक्षिणेची गोष्ट शिकवली जाऊ लागली. नॉर्थ कॅरोलिनाने 1885 मध्ये अपंग सैनिकांना आणि युद्धात मेलेल्यांच्या विधवांना पेन्शन सुरू केलं. रक्कम तुटपुंजी, पण ज्या घरात दुसरं काही येत नव्हतं तिथे तीही मोठी. पळालेल्याला ते मिळत नसे. म्हणून वर्षानुवर्षं रानात काढलेल्या हिवाळ्यांबद्दल घरात बोलणं बंद झालं, आणि ज्या बायकांनी नवरे लपवले होते त्यांनीच आता नवरा शेवटपर्यंत लढला असं सांगायला सुरुवात केली.

मॅडिसन जिल्ह्यात मात्र तसं जमलं नाही. तिथे त्या तेराजणांना पुरलेलं होतं, आणि ज्याने गोळ्या घालायचा हुकूम दिला त्याचं नाव प्रत्येकाला पाठ होतं.